करारातलं वजन: बॉक्सिंगमधलं कॅचवेट न्याय्य आहे का?

डावखुरा

२६ एप्रिल २०२५ ला लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर स्टेडियममध्ये ख्रिस युबँक ज्युनियर विरुद्ध कॉनर बेन लढत झाली. मर्यादा १६० पौंड. आदल्या दिवशी काट्यावर युबँक भरला १६०.०५, म्हणजे फक्त बावीस-तेवीस ग्रॅम जास्त. त्याबद्दल दंड ३ लाख ७५ हजार ब्रिटिश पौंड. शिवाय करारात असंही कलम होतं की लढतीच्या दिवशी सकाळी कोणीही १७० पौंडांच्या वर असता कामा नये. युबँक गुणांवर जिंकला आणि तिथून थेट रुग्णालयात गेला.

१६० ही मिडलवेटची नेहमीचीच मर्यादा, त्यामुळे कागदावर हे कॅचवेट (गटाच्या मर्यादेऐवजी करारात बोलून ठरवलेलं वजन) नव्हतं. पण मर्यादेपेक्षा दहा पौंडांहून जास्त नको असं ते सकाळचं कलम घातलं की मोठ्या अंगाच्या माणसाची कोंडी कॅचवेटइतकीच होते. याच दोघांची ऑक्टोबर २०२२ मध्ये ठरलेली आणि रद्द झालेली लढत तर १५७ पौंडांवर होती.

माझं मत: दोन गटांतल्या बॉक्सरांनी मधलं वजन ठरवून लढायला हरकत नाही. पण जगज्जेतेपदाचा पट्टा पणाला असेल तर मर्यादा त्या गटाचीच हवी, पौंडभरही कमी नको. तुम्हाला काय वाटतं?

---

राउंड_बारा

सहमत. नव्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये १७ वजनगट आहेत. या चर्चेत लागतील ते असे: लाइटवेट १३५ पौंड (६१.२ किलो), सुपर लाइटवेट १४०, वेल्टरवेट १४७ (६६.७ किलो), सुपर वेल्टरवेट १५४, मिडलवेट १६० (७२.६ किलो), सुपर मिडलवेट १६८, लाइट हेवीवेट १७५ (७९.४ किलो). पट्टे देणाऱ्या मोठ्या संघटना चार: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ.

पट्ट्याच्या लढतीत मर्यादा म्हणजे मर्यादा, सूट नाही. पट्टा नसेल तर बहुतेक ठिकाणी एक पौंड सवलत असते. वजन आदल्या दिवशी होतं. जास्त भरलं तर साधारण दोन तास मिळतात.

---

साताऱ्याचा_सदा

गटाच्या मर्यादेपेक्षा दोन पौंड कमी म्हणजे एक किलोसुद्धा नाही. नव्वद मिनिटं घाम गाळला की जातं तेवढं. त्यावरून एवढा वाद कशाला, हे खरंच कळत नाही.

---

मीठपाणी

@साताऱ्याचा_सदा, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वेल्टरवेटचा बॉक्सर एरवी १६० पौंडांच्या आसपास असतो असं धरा. शिबिराच्या आठ-दहा आठवड्यांत चरबी कमी करून तो १५५-१५६ वर येतो. उरलेले आठ-नऊ पौंड शेवटच्या पाच-सहा दिवसांत काढले जातात आणि ते सगळे एका प्रकारचे नसतात.

पहिला वाटा ग्लायकोजेनचा. स्नायू आणि यकृतात मिळून ४००-५०० ग्रॅम साठा असतो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी अडकलेलं असतं. भात, पोळी, साखर जवळजवळ बंद केली की दीड-दोन किलो उतरतं. दुसरा वाटा आतड्यांतला. दोन-तीन दिवस चोथा नसलेलं अन्न घेतलं की आणखी अर्धा-पाऊण किलो. इथपर्यंत त्रास होतो, पण धोका कमी.

तिसरा वाटा निव्वळ पाण्याचा. आधी काही दिवस सहा-आठ लिटर पाणी पितात, मग एकदम कमी करतात. लघवीचं प्रमाण काही काळ वाढलेलंच राहतं आणि पाणी निघत जातं. मीठ बंद. शेवटी गरम पाण्याचं टब, सॉना, रबरी सूट. शेवटचे दोन पौंड यातूनच येतात, तेही घाम जवळजवळ थांबलेला असताना. रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं, नाडी वाढलेली असते, शरीराला स्वतःला थंड करता येत नाही. पहिले दोन पौंड आणि शेवटचे दोन पौंड काट्यावर सारखे दिसतात, शरीरात नाही. १४७ ऐवजी १४५ म्हटलं की वाढ होते ती या शेवटच्या टप्प्यात.

हे कोणी घरी करून पाहू नये. चीनचा यांग जियान बिंग हा एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) खेळाडू डिसेंबर २०१५ मध्ये वजन उतरवतानाच गेला.

---

साताऱ्याचा_सदा

@मीठपाणी, मनापासून आभार. आता कळलं.

---

मनिला_मेल

पट्टा आणि कॅचवेट यांचं ठळक उदाहरण म्हणजे पॅकियाव विरुद्ध मिगेल कोटो, १४ नोव्हेंबर २००९, लास वेगास. कोटोचा डब्ल्यूबीओ वेल्टरवेट पट्टा पणाला, गट १४७ चा, करार १४५ चा. कोटो बरोबर १४५ भरला, पॅकियाव १४४. बाराव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. त्याच्या पुढच्याच वर्षी, १३ नोव्हेंबर २०१० ला, अँटोनियो मार्गारिटोशी डब्ल्यूबीसीच्या रिकाम्या सुपर वेल्टरवेट पट्ट्यासाठी लढत. गट १५४ चा, करार १५० चा. पॅकियाव १४४.६ भरला!

आठ गटांतला विजेता म्हणून आपण पॅकियावचं कौतुक करतो आणि ते त्याचं हक्काचं आहे. पण आठवा पट्टा त्याने १५४ पौंडांच्या माणसाला हरवून घेतलेला नाही, १५० पर्यंत उतरवलेल्या माणसाला हरवून घेतला आहे. नोंदीत हा फरक दिसत नाही. म्हणून धागाकर्त्याशी पूर्ण सहमत.

---

ठोसा_पारखी

@मनिला_मेल, मार्गारिटोच्या लढतीचे पुढचे आकडेही द्या ना. लढतीच्या रात्री मार्गारिटो १६५ पौंडांचा होता आणि पॅकियाव १४८ चा. सतरा पौंडांचा फरक! म्हणजे १५० ला 'उतरवलेला' माणूस एका दिवसात पंधरा पौंड परत मिळवून रिंगमध्ये आला. तरी हरला, उजव्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडून घेतलं. तिथे चार पौंड कापले म्हणून निकाल फिरला असं म्हणणं पॅकियाववर अन्याय आहे. त्याच्या हातांचा वेग बघा.

आणि कोटोचं म्हणाल तर तो पुढे काय करतो बघा. जून २०१४ मध्ये सर्जिओ मार्टिनेझकडून मिडलवेटचा पट्टा घेतला १५९ वर. कोटो भरला १५५. जून २०१५ मध्ये डॅनियल गीलविरुद्ध तो पट्टा राखला १५७ वर. ज्याच्यावर अन्याय झाला म्हणता, त्यानेच हत्यार उचललं.

---

डावखुरा

@ठोसा_पारखी, यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. कोटो मिडलवेटचा जगज्जेता झाला, पण पट्ट्याच्या एकाही लढतीत त्याने पूर्ण १६० ची मर्यादा ठेवली नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये कनेलोशीही १५५ वरच लढला. कनेलोने मग मे २०१६ मध्ये आमिर खानविरुद्ध तोच पट्टा १५५ वर राखला. म्हणजे दोन वर्षं जगातल्या सर्वांत जुन्या गटांपैकी एका गटाचा पट्टा सुपर वेल्टरवेट आणि मिडलवेटच्या मध्येच अडकून पडला. खरे १६० पौंडांचे बॉक्सर बाहेर रांगेत. अन्याय फक्त समोरच्या प्रतिस्पर्ध्यावर होत नाही, या रांगेवरही होतो.

---

ठोसा_पारखी

रांगेचा मुद्दा मान्य. तो मी विचारात घेतला नव्हता.

---

गल्ली_क्र_७

जुनं उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून देतो. ७ नोव्हेंबर १९८८, शुगर रे लेनर्ड विरुद्ध डॉनी लॅलाँड. लॅलाँडकडे डब्ल्यूबीसीचा लाइट हेवीवेट पट्टा, मर्यादा १७५. लढत ठरली १६८ वर. मग त्याच रात्री डब्ल्यूबीसीचा नवाकोरा सुपर मिडलवेट पट्टाही पणाला लावला. लॅलाँड १६७ भरला, लेनर्ड १६५. नवव्या फेरीत लेनर्डने संपवलं आणि एका लढतीत दोन गटांचे दोन पट्टे घेतले. लाइट हेवीवेटचा पट्टा सात पौंड खालच्या मर्यादेवर जिंकला गेला. यात संघटनेने सरळ नियम गुंडाळून ठेवला असं माझं स्पष्ट मत आहे.

---

नेमका_जबडा

दुसरी बाजू मांडतो. लहान माणसाने मोठ्याशी लढावं असं आपल्यालाच वाटतं. कॅचवेट नसतं तर ऑस्कर डे ला होया विरुद्ध बर्नार्ड हॉपकिन्स (१८ सप्टेंबर २००४, १५८ पौंड) झालीच नसती. तिथे हॉपकिन्सने १५८ ची अट घेतली, स्वतः १५६ भरला आणि नवव्या फेरीत यकृतावर ठोसा मारून सगळे पट्टे राखले. शिस्तीत राहणाऱ्या, कायम मर्यादेच्या जवळ असणाऱ्या माणसाला दोन पौंडांनी काही होत नाही. ज्याला होतं तो मुळात आपल्या गटापेक्षा मोठा आहे आणि खालच्या गटात राहून दर लढतीला फायदा घेतो आहे. मग एकदा त्याला तोटा झाला तर रडायचं का?

---

मीठपाणी

@नेमका_जबडा, निम्मं बरोबर. मोठी माणसं खालच्या गटात राहतात हे खरं. पण शरीर वयाप्रमाणे बदलतं. मेवेदरविरुद्ध कनेलो (१४ सप्टेंबर २०१३, १५२ पौंड) घ्या. कनेलो २३ वर्षांचा, अजून अंगाने भरत होता, १५४ चे पट्टे त्याच्याकडे. दोन पौंड खाली बोलावलं. बरोबर १५२ भरला, रात्रीपर्यंत १६५ वर गेल्याच्या बातम्या होत्या. तेरा पौंड चढउतार चोवीस-तीस तासांत. मेवेदर मुळात १५०.५ भरला होता, त्याला काहीच उतरवायचं नव्हतं. मेवेदर तसाही जिंकला असता असं मला वाटतं, पण तेविशीतल्या शरीराला आणि हॉपकिन्सच्या एकोणचाळिशीतल्या, वर्षानुवर्षं एकाच गटात मुरलेल्या शरीराला एकच माप लावू नका.

---

जोर_बैठका

हे सगळं टाळायचं तर वजन लढतीच्या दिवशी सकाळीच करा की. कुस्तीत तसंच असतं. पॅरिसला विनेश फोगाट दुसऱ्या दिवशी सकाळी ५० किलोच्या वर १०० ग्रॅम भरली आणि अंतिम लढत गेली. जीव तळमळला, पण नियम सगळ्यांना सारखा होता.

आपल्याकडे जत्रेच्या फडात तर काटाच नसतो. पंचमंडळी दोन्ही पैलवान शेजारी उभे करून, अंग बघून जोड लावतात. जोड पटली नाही तर पैलवान हात मिळवत नाही, नि विषय संपतो.

---

राउंड_बारा

@जोर_बैठका, बॉक्सिंगमध्येही पूर्वी त्याच दिवशी वजन होत असे. १३ नोव्हेंबर १९८२ ला रे मॅन्सिनीविरुद्ध लढताना कोरियाचा डक कू किम चौदाव्या फेरीत पडला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर डब्ल्यूबीसीने १५ च्या १२ फेऱ्या केल्या आणि त्याच दशकात वजन आदल्या दिवशी करायची पद्धत रुजली. हेतू चांगला: पाणी भरून काढायला वेळ मिळावा. घडलं असं की वेळ मिळतो म्हणून लोक आणखी जास्त उतरवू लागले.

त्याचा सर्वांत वाईट नमुना २६ फेब्रुवारी २००० चा, न्यूयॉर्क. आर्तुरो गाटी विरुद्ध जोई गमाश, ठरलेलं वजन १४१. दुसऱ्या रात्री टीव्हीवाल्यांच्या काट्यावर गाटी १६० च्या घरात होता, गमाश त्याच्यापेक्षा जवळजवळ १५ पौंड हलका. दुसऱ्या फेरीत गमाश असा पडला की मेंदूला इजा होऊन कारकीर्द संपली. १४१ हेही बोलून ठरवलेलंच वजन होतं. म्हणजे आदल्या दिवशीचा आकडा एकटा काहीच संरक्षण देत नाही.

---

नेमका_जबडा

मग यासाठीच तर दहा पौंडांचं कलम आहे! गाटीला ते असतं तर गमाश वाचला असता. धागाकर्ते त्याच कलमाला कोंडी म्हणताहेत.

---

डावखुरा

@नेमका_जबडा, हा चांगला पेच टाकलात. मी फरक असा करतो. आयबीएफच्या पट्ट्याच्या लढतीत दुसऱ्या दिवशी सकाळी गटाच्या मर्यादेपेक्षा १० पौंडांहून जास्त भरायचं नाही, हा नियम दोघांना, आधीपासून लागू. बॉक्सर त्याप्रमाणे गट निवडतो. मला तो मान्य आहे. जर्वोंटा डेव्हिस विरुद्ध रायन गार्सिया (२२ एप्रिल २०२३) मध्ये १३६ पौंड आणि वर १० पौंडांचं कलम होतं. गार्सिया त्याआधी १४० वर लढत होता. डेव्हिस छोट्या अंगाचा, त्याला त्या कलमाचा उपद्रवच नव्हता. कलम दोघांना लागू, पण बांधला गेला एकच. गार्सिया सातव्या फेरीत यकृतावरच्या ठोशाने बसला. कलमामुळेच बसला असं मी म्हणणार नाही, तो ठोसा कुणालाही बसवेल. पण ते कलम सुरक्षेसाठी घातलं होतं असंही मला कुणी सांगू नये.

---

मीठपाणी

वैद्यकीय बाजूनं मी डावखुरांच्या जवळ आहे, पण कारण वेगळं.

काट्यावरून उतरल्यावर बॉक्सरला जेवढं पाणी गेलं त्याच्या साधारण दीडपट द्रव घ्यावे लागतात, कारण काही भाग लघवीतून जातोच. पाच किलो गेले असतील तर सात-साडेसात लिटर, तेही मीठ-साखर घातलेले आणि थोडे थोडे. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम खाली जातं. शिरेतून सलाइन घ्यायचं तर जागतिक उत्तेजकविरोधी नियमांत १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त बंदी आहे, परवानगी नसेल तर.

आता १० पौंडांचं कलम आलं की काय होतं? सकाळी पुन्हा काटा आहे म्हणून तो रात्रभर मोजून मापून पितो, अर्धपोटी राहतो. सकाळी नऊ-दहाला वजन झालं की लढतीपर्यंत बारा-चौदा तास उरतात आणि खरी भरपाई तिथून सुरू होते. आधीच बारा पौंड पाण्यातून उतरवलेल्या माणसाला दहाच्या वर जाऊ न देणं म्हणजे त्याला कोरडाच लढायला पाठवणं. डोक्यावरच्या माराला कोरडा मेंदू नीट तोंड देऊ शकत नाही, हीच यातली मुख्य भीती.

कलम चालेल कधी? करार लढतीच्या तीन-चार महिने आधी झाला आणि मधल्या तपासण्या झाल्या तर. डब्ल्यूबीसी ३० दिवस आधी मर्यादेच्या १० टक्क्यांच्या आत आणि ७ दिवस आधी ५ टक्क्यांच्या आत वजन मागते. १६० च्या गटात म्हणजे महिनाभर आधी १७६ आणि आठवडाभर आधी १६८. हे काटेकोर पाळलं तर शेवटच्या आठवड्यात जीवघेणी उतरण लागत नाही आणि सकाळचं कलम जाचक राहत नाही.

---

दमदार_दुसरी

आणि कलम मोडलं तर? डॅनियल जेकब्स मे २०१९ मध्ये कनेलोविरुद्ध सकाळच्या १७० च्या मर्यादेवर १७३.६ भरला. दंड भरला, लढत झाली, गुणांवर हरला. त्याने हिशेब केला की पैशांपेक्षा अंगात पाणी महत्त्वाचं.

मेवेदरनेही तेच केलं, फक्त बाजू वेगळी. सप्टेंबर २००९, मार्केझविरुद्ध करार १४४ चा, भरला १४६. दोन पौंडांचे सहा लाख डॉलर दिले आणि १४२ भरलेल्या मार्केझला बारा फेऱ्या सहज खेळवलं. ज्याच्याकडे पैसा त्याला दंड म्हणजे भाडं. म्हणून कनेलो-चावेझ ज्युनियरच्या (मे २०१७, १६४.५ पौंड) करारात पौंडाला दहा लाख डॉलर ठेवले होते. दोघे बरोबर १६४ भरले! दंड खरोखर जाचक असला की वजन बरोबर येतं.

---

मनिला_मेल

जपानने पैशांच्या पुढचं केलं. १ मार्च २०१८, लुइस नेरी विरुद्ध यामानाका, बँटमवेट ११८ पौंड. नेरी पहिल्यांदा १२३ च्या घरात, मुदत संपताना १२१ च्या घरात. पट्टा गेला, तरी दुसऱ्या फेरीत यामानाकाला झोपवलं. जपानच्या बॉक्सिंग आयोगाने त्याच्यावर कायमची बंदी घातली आणि ती २०२४ च्या इनोएविरुद्धच्या लढतीसाठीच उठवली.

---

गल्ली_क्र_७

थोडं अवांतर: हातमोजेही वजनावर ठरतात हे विसरू नका. १४७ पर्यंत ८ औंस, त्यावर १० औंस. कोटो-पॅकियाव १४५ वर म्हणून ८ औंसचे. १५० वर गेलात की १० औंस आणि ठोशांचा चटका बदलतो. मेवेदर-मॅक्ग्रेगरला १५४ असूनही नेवाडाने खास सूट देऊन ८ औंस दिले होते. त्यामुळे आकडा ठरवताना शहाणे व्यवस्थापक हातमोज्यांचाही विचार करतात.

---

जोर_बैठका

@राउंड_बारा, किमचं वाचून माझा आधीचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण दुरुस्त करतो. नुसतं त्याच दिवशी वजन नको, त्याबरोबर लघवीची तपासणीही हवी. म्हणजे कोरडा होऊन आलेला माणूस काट्यावर चढूच शकणार नाही.

---

मीठपाणी

हे एमएमएमध्ये वन चॅम्पियनशिपने यांगच्या मृत्यूनंतर आणलं. लघवीची घनता १.०२५ च्या आत असली तरच वजन ग्राह्य. कल्पना योग्य. अडचण अशी की पाणी भरपूर पिऊन लघवी पातळ करता येते आणि तपासणीनंतर काट्याआधी वेळ मिळाला तर उतरवताही येतं. म्हणून दोन्ही गोष्टी लगोलग, एकाच खोलीत, दोन दिवस ओळीने कराव्या लागतात. खर्च वाढतो, छोट्या आयोजकांना परवडत नाही. मोठ्या पट्ट्यांच्या लढतींना मात्र सबब नाही.

---

ठोसा_पारखी

कॅचवेटशिवायही मोठी लढत होते याचं ताजं उदाहरण: १३ सप्टेंबर २०२५, कनेलो विरुद्ध क्रॉफर्ड. क्रॉफर्ड १५४ वरून थेट १६८ वर गेला. एकही पौंड कमी मागितला नाही, दोघे १६७.५ भरले, क्रॉफर्ड जिंकला. नेमका_जबडा म्हणतात तसं 'नाहीतर लढतच झाली नसती' हे दर वेळी खरं नसतं.

---

नेमका_जबडा

क्रॉफर्ड क्रॉफर्ड आहे. त्याच्यावरून नियम करू नका. बाकी पट्ट्याबद्दल मी माझं मत बदलतो: रांगेचा मुद्दा पटला. पट्ट्याला गटाची पूर्ण मर्यादा ठेवा. पट्टा नसलेल्या लढतीत मात्र दोघांना हवं ते ठरवू द्या, सकाळच्या कलमासकट.

---

डावखुरा

शेवटच्या दोन शब्दांवर मी अजून अडतो. पट्टा नसला तरी डोकं तेच आहे. सकाळचं कलम घालायचं तर ७ दिवस आधीच्या ५ टक्क्यांच्या तपासणीसकटच, आणि ती तपासणी आयोगाच्या माणसासमोर, बॉक्सरच्या जिममध्ये काढलेल्या व्हिडिओवर नाही. त्या दिवशी ५ टक्क्यांच्या वर भरला तर दंड नको, लढतीचं वजन वर सरकवा किंवा लढत पुढे ढकला.

---

नेमका_जबडा

तिकिटं विकली गेल्यावर सात दिवस आधी लढत पुढे ढकलायला कुठला आयोजक तयार होईल? मला वाटतं वजन वर सरकवणं एवढाच व्यवहार्य पर्याय आहे, आणि तो करारात आधीच आकड्यासकट लिहून ठेवायला हवा.